टाकी साफ केल्याचा दिनांक

"ताई, टाकीत माणूस उतरवू नका. जीव जातो."

मैला उपसणाऱ्या टँकरवाल्यानं तिला फाटकापाशी हे हात जोडून सांगितलं होतं, आणि ती हसली होती. त्याच्या तोंडावर नाही. तेवढी रीत तिला होती. तोंडावर ती "बरं बरं" म्हणाली, आणि जेवताना घरच्यांना सांगून पोटभर हसली.

झालं होतं ते असं. समोरच्या घरी टँकर आला होता. त्याचा जाड पाइप आख्ख्या गल्लीतून अजगरासारखा पसरला होता आणि लोकांनी भर उन्हाळ्यात खिडक्या लावून घेतल्या होत्या. काम आटोपून तो हात धुवायला पाणी मागायला हिच्या फाटकाशी आला. हात धुताधुता त्याची नजर मागच्या अंगणात गेली. धुण्याच्या दगडापलीकडे, उताराच्या बाजूला, हातभर रुंद हिरवागार पट्टा होता.

"गवत छान आलंय तुमच्याकडं."

"हो ना! आणि पाणीसुद्धा घालत नाही आम्ही," ती कौतुकानं म्हणाली.

"तेच म्हणतोय. टाकी कधी साफ केली शेवटची?"

"मार्चमध्ये. दर मार्चला करतो आम्ही."

"दर वर्षी?" त्याच्या भुवया कपाळात गेल्या. "तीन वर्षांतून एकदा करायची तर लोक माझ्यावर उपकार केल्यासारखं करतात. कुणाचा टँकर बोलावता?"

"टँकर कशाला? घरीच करतो की. आमचे हे आत उतरतात, मी वरून बादली देते."

"स्वतः उतरतात?"

"हो. ब्रश घेऊन."

"ब्रश घेऊन," तो म्हणाला. मग त्यानं ओले हात जोडले आणि ते वाक्य म्हटलं. वर म्हणाला, "माझा मेव्हणा गेलाय असाच."

रात्री नवरा म्हणाला, "गच्चीवरच्या टाकीत माझा जीव कसा जाईल? फार तर सर्दी होईल."

"अरे, मेव्हणा गेलाय म्हणे त्याचा. हसू नका," सासूबाई म्हणाल्या.

"पोहता येत नसेल त्याला," नवरा म्हणाला, आणि मग सासूबाईंनाही पदर तोंडाला लावावा लागला.

आता यात तिची चूक म्हणावी तर एकाच शब्दाची. त्या घरात टाकी म्हटलं की एकच: गच्चीवरची, काळी, प्लॅस्टिकची, हजार लिटरची. संडासाचं जे काही जमिनीखाली होतं त्याला घरात 'खड्डा' म्हणत, आणि तेही क्वचितच. चारचौघांत काढायचा तो विषय नव्हे. खड्डा सासऱ्यांनी बांधला होता. त्याचं झाकण कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते गेले तेव्हा ही माहितीही बरोबर घेऊन गेले.

पत्रक मात्र दर वर्षी यायचं. वस्ती उतारावरची, गटाराची लाइन पोचलेली नव्हती. ज्याची त्याची विहीर, ज्याचं त्याचं मैल्याचं बघणं. म्हणून नगर कार्यालयाचा नियम होता: घरटी एक देखभाल पत्रक भरून द्यायचं. विहिरीला झाकण आहे काय, पाणी कधी तपासलं, विहिरीपासून टाकीचं अंतर किती, टाकी साफ केल्याचा दिनांक. लग्न होऊन ती आली त्या पहिल्याच महिन्यात सासऱ्यांनी तो कागद तिच्यापुढं सरकवला होता. "घरात शिकलेली सून आलीय. आता हे तूच बघायचं."

तिनं बघितलं, आणि काटेकोरपणे बघितलं. टेप घेऊन विहिरीच्या काठापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीवरून गच्चीपर्यंत मोजलं, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: सतरा मीटर. नियम पंधराचा होता. दोन मीटर जास्तच आहे म्हणून तिला बरंही वाटलं. दिनांकाच्या रकान्यात तिनं मार्चची तारीख घातली. कार्यालयानं शिक्का मारला. असं चार वर्षं चाललं. दर वर्षी टाकी साफ करणारं आदर्श घर!

ती मुळातच तशी होती. मुलगी झाल्यापासून तर जास्तच. झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची, फळं तीनतीनदा धुवायची, तापाची, लसीची, शी-शूची वही ठेवायची. सासूबाई म्हणत, "ही पाणी गाळून घेते ते घेतेच, वर गाळणंही गाळून घेईल." घरची विहीर घराच्या वरच्या अंगाला होती. तिचं पाणी दर वर्षी तपासून यायचं आणि दर वर्षी उत्तम निघायचं. ती निर्धास्त होती. पाणी उतारानं खाली जातं हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. खाली कोण राहतं हा प्रश्न त्या पत्रकात नव्हता.

खाली राहायची ती 'खालची'. सगळे तिला तेच म्हणत, आणि तीही नवऱ्याच्या फोनवरून "मी खालची बोलतेय" म्हणायची. उताराच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं भाड्याचं घर, अंगणात अरुंद विहीर. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. पहिलं बाळंतपण, माहेरचं कुणी नाही. बाळ जन्मल्यापासून कपाळाला आठ्या घालून बघायचं, म्हणून तिनं त्याचं नाव साहेब ठेवलं होतं.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत," बाळ झोपलं की ती सांगायची. जागं झालं की म्हणायची, "साहेबांनी फाइल ओली केली."

तिचं दूध तिसऱ्या आठवड्यातच आटलं. डब्याचं दूध सुरू झालं, आणि ती विचारायला कुणाकडं येणार? वरच्या ताईंकडं, म्हणजे हिच्याकडं. वरच्या ताई शिकलेल्या.

ताईंनी तिला सगळं शिकवलं. बाटली कशी उकळायची, चमचा सपाट कसा भरायचा. आणि पाणी. "विहिरीचं पाणी तसंच नाही हं वापरायचं. खळखळून उकळायचं. वीस मिनिटं. उकळलेल्या पाण्याला भीती नाही."

"घड्याळ बंद आहे, ताई. फोन तर ह्यांच्याजवळ असतो."

"मग निम्मं होईपर्यंत उकळ. पातेल्याला खूण कर."

खालचीनं पातेल्याला आतून खिळ्यानं ओरखडा काढला. रोज सकाळ-संध्याकाळ काठोकाठ भरलेलं पातेलं त्या ओरखड्यापर्यंत आटवायची आणि त्याच पाण्यात दूध कालवायची. ताईंना दाखवलं तेव्हा ताई म्हणाल्या, "शाब्बास. आमच्या घरातसुद्धा कुणी एवढं करत नाही."

साहेब अडीच महिन्यांचे झाले. एका सकाळी ती लेकीला घेऊन खाली गेली होती. खालची बाळाला मांडीवर घेऊन न्हाऊ घालत होती. हिची नजर त्याच्या नखांवर पडली. मग ओठांवर. मग कानांच्या पाळ्यांवर.

"हा असा का दिसतोय गं?"

"कसा?"

"राखाडी, निळसर. शिसपेन्सिलीच्या टोकासारखा."

"गार पाण्यानं झाला असेल," खालची म्हणाली. पण टॉवेलात गुंडाळलं तरी रंग परतेना. रडणंही नव्हतं. एरवी दुनियेवर खेकसणारे साहेब नुसते डोळे उघडे ठेवून पडले होते. हिनं नवऱ्याला हाक मारली, गाडी काढली, आणि सगळे दवाखान्यात पोचले.

तिथं सुई लावल्यावर बाळाचं रक्त लाल नाही, तपकिरी निघालं. खालचीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. ऑक्सिजन दिला, मग शिरेतून एक निळं औषध गेलं, आणि तासाभरात साहेबांच्या गालांवर माणसाचा रंग चढू लागला. "निळ्या पोराला निळं औषध," खालची रडता रडता हसली. "काट्यानं काटा काढतात तसंच की, ताई."

घरी सोडताना तरुण डॉक्टर घाईत होते. "पाण्यामुळं होतं हे बहुतेक वेळा," ते म्हणाले. "पाण्याकडं बघा. आरोग्य खात्याला मी कळवतोय, ते नमुना नेतील." आणि पुढच्या खाटेकडं वळले.

खालचीनं गाडीत बसल्याबसल्या ठरवून टाकलं. "पाणीच कच्चं राहिलं असणार माझं. आता पाव होईपर्यंत उकळीन."

"हो," ताई म्हणाल्या. "उकळ."

मंगळवारी आरोग्य खात्याची बाई आली. खांद्याला झोळी, झोळीत बाटल्या, पायात चिखलाचे बूट. आधी खाली गेली. खालची बाळाला दाखवायला दवाखान्यात गेली होती, घराला कुलूप होतं. बाईनं विहिरीतून नमुना काढला, उतार बघितला, हिरवा पट्टा बघितला, आणि वर येऊन दार वाजवलं. हातात ह्यांच्या पत्रकांच्या चार प्रती होत्या.

"टाकी कुठेय तुमची?"

तिनं गच्चीकडं बोट केलं.

बाईनं वर बघितलं. मग कागदाकडं. मग पुन्हा वर. "अहो, सेप्टिक टँक म्हणतेय मी. मैल्याची टाकी. ती कधी उपसली?"

बोट हवेत तसंच राहिलं. खाली कसं आणावं हेच तिला कळेना.

"हे दरवर्षीचं मार्च-मार्च काय आहे मग?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "खड्डा विचारतायत का? तो ह्यांनी बांधला. भरलेला नाही कधी, खूप मोठा आहे."

"भरत नाही म्हणजे कुठेतरी जातोय, आजी," बाई म्हणाली. कुणावर ओरडली नाही. पायरीवर बसून लिहीत राहिली. लिहिता लिहिता म्हणाली, "नमुन्याचा निकाल आठवड्यानं येईल. पण मला विचाराल तर नायट्रेट आहे, मैल्यातून पाण्यात उतरणारा क्षार. मोठ्यांना फारसं काही होत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताला ते प्राणवायू वाहू देत नाही. खाली सांगून ठेवा, बाळाला हे पाणी नको म्हणावं."

"ती उकळून देते," हिनं घाईनं सांगितलं. "अगदी निम्मं होईपर्यंत."

बाईचं पेन थांबलं. "मिठाचं पाणी आटवलं तर ते अळणी होतं का खारट?"

"खारट," ती पुटपुटली.

"हे मिठासारखं असतं. उकळून जंतू मरतात, हे मरत नाही. पाणी निम्मं केलं की हे दुप्पट. कुणी शिकवलं तिला असं?"

"माहीत नाही," ती म्हणाली.

हेच दोन शब्द. तिच्या उभ्या आयुष्यात याहून वाईट दोन शब्द तिनं उच्चारले नसतील.

बाई गेल्यावर घरात खल झाला. नवरा म्हणाला, निकाल तर येऊ दे, कदाचित दुसरंच काही असेल. सासूबाई म्हणाल्या, "घाण आपली आणि विहीर तिची, हे तिच्या तोंडावर कसं सांगणार तू? उद्या आख्खी वस्ती दारात येईल." तिलाही थांबायला कारण हवंच होतं. मधला मार्ग तिनंच काढला. घरच्या विहिरीच्या चांगल्या पाण्याचा कॅन रोज खाली पाठवायचा. सांगायचं की तुझ्या मोटरला गंज चढलाय म्हणतात, निकाल येईपर्यंत आमचं वापर. बाळ सुरक्षित, आणि सांगणं चार दिवस पुढं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आपण एवढ्या पटाईत आहोत हे तिला पहिल्यांदाच कळलं.

गुरुवारी मात्र तिला राहवलं नाही. काय बोलायचं ते उतारावरून चालताना तिनं मनात चारदा घोकलं. आमची टाकी फुटलीय. तुझ्या विहिरीत येतंय. मी शिकवलेलं चुकीचं होतं, उकळल्यानं ते वाढतं.

खालची शेगडीपाशी होती. पातेलं खळखळत होतं.

"या ताई. बघा, तुमच्या पाण्यालासुद्धा सोडत नाही मी," ती हसत म्हणाली. साहेब चटईवर पाय झाडत होते, गाल गुलाबी, आठ्या जागच्या जागी. "रंग बघा कसा आलाय. ह्यांना मी सांगितलं, पोरगं वाचलं ते ताईंच्या डोळ्यांमुळं आणि उकळण्यामुळं. नाहीतर कच्च्या पाण्यानं काय झालं असतं कुणास ठाऊक."

"अगं, एवढं उकळायची गरज नाही," एवढंच ती म्हणाली.

"असं कसं! तुम्हीच तर म्हणाला होतात, उकळलेल्या पाण्याला भीती नाही."

हिनं बाळाच्या तळव्याला बोट लावलं. त्यानं ते घट्ट धरलं. ते सोडवून घेऊन ती वर आली. सोमवारी निकाल आला की कागद हातात ठेवूनच सांगू, असं तिनं स्वतःला समजावलं.

शनिवारी लेकीची लस होती. दुपारी परतली तेव्हा खालच्या घराचं दार सताड उघडं होतं. आत शेगडीचा काळा डाग, भिंतीला एक खिळा, चटईच्या आकाराची स्वच्छ फरशी. तिनं पाठवलेले दोन्ही कॅन धुऊन, उपडे करून पायरीवर ठेवलेले होते.

"अहो आई, ही कुठे गेली?"

"ट्रकमालकानं दुसऱ्या गावी नेमलं नवऱ्याला. आजच निघायचं म्हणाला. तुझी वाट बघितली तिनं तासभर." सासूबाई कपडे घड्या घालत होत्या, वर बघत नव्हत्या. "खूश होती. नव्या घराला स्वतःची विहीर आहे म्हणाली, मोटरला गंज नाही. आणि निरोप ठेवलाय: ताईंना सांगा, उकळणं सोडणार नाही."

"तुम्ही सांगितलं नाहीत तिला?"

"तू सांगितलंस?"

गाव कुठलं, ते सासूबाईंनी विचारलं नव्हतं.

सोमवारी निकाल आला. मर्यादेच्या चौपट. बुधवारी टँकर आला, तोच टँकरवाला. धुण्याचा दगड उचलल्यावर त्याखाली झाकण निघालं. उताराकडची भिंत वरपासून खालपर्यंत तडकलेली होती. त्यानं पाइप सोडला आणि तिच्याकडं न बघता विचारलं, "ताई, ते दर वर्षी उतरायचे ते कुठल्या टाकीत?"

तिनं मान वर करून दाखवलं. तो हसला नाही. "बरं झालं," म्हणाला. "निदान ते तरी वाचले."

ती नगर कार्यालयात गेली. त्या रकान्यात 'मैल्याची' एवढा एक शब्द वाढवा म्हणाली. कारकुनानं सांगितलं की पत्रक वर्षानुवर्षं असंच आहे आणि सगळ्यांना बरोबर कळतं. तिनं हट्टानं गल्लीची फाइल काढायला लावली. अकरा घरांपैकी सात घरांनी टाकी साफ केल्याचा दिनांक दर वर्षीचा दिला होता. कारकून बराच वेळ ते कागद चाळत बसला. मग फाइल बंद करून म्हणाला, "लोक स्वच्छताप्रिय आहेत."

खालचीच्या नवऱ्याचा नंबर बंद आहे. घरमालकाला त्याचं आडनावसुद्धा नीट सांगता येत नाही. दवाखाना पत्ता देत नाही, आणि दिला तरी तो ह्याच उताराचा असेल. ट्रकच्या दारावर काय लिहिलं होतं ते तिनं आठवून बघितलं. जी आपल्या लेकीचे श्वास मोजते तिनं रोज फाटकासमोरून जाणाऱ्या ट्रकचं दार वाचलं नव्हतं. आरोग्य खात्याच्या बाईनं आसपासच्या केंद्रांना पत्रं पाठवली. तिनंच स्पष्ट सांगितलं, "प्रत्येक विहीर वाईट नसते. नवी चांगली असली तर पोर सुटलं. पण आपल्या भागात दर चौथी-पाचवी विहीर अशीच निघते, आणि ही बाई जे असेल ते आटवून दुप्पट-चौपट करणार. दुसऱ्या वेळी बाळं इतका वेळ देत नाहीत."

साहेबांना आता तीन महिने पुरे झाले असतील. धोका टळायला अजून तीन. ती दिवस मोजते, आणि मोजून काही होत नाही हेही तिला कळतं. नवरा म्हणतो, विसर आता. सासूबाई विषय निघाला की आत जातात. अंगणातला हिरवा पट्टा वाळून गवताची पिवळी काडी उरलीय.

भेटेल त्याला ती हे सगळं सांगते: लशीच्या रांगेत, दुकानात, ट्रकवाल्यांच्या थांब्यावर. जे दोन शब्दांत लपवलं त्याचे आता हजारो शब्द करून वाटत फिरते. लोक ऐकून घेतात, चुकचुकतात, आपल्या वाटेनं जातात. आता तेच ती तुम्हालाही विचारते आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या उताराच्या पायथ्याशी कुणी नवं बिऱ्हाड आलंय का? नवरा ट्रकवर, बाई एकटी, बाळाला साहेब म्हणते? नसेल म्हणत तरी चालेल, दुसरी कुणी असली तरी चालेल. दार वाजवा. शेगडीवर पातेलं असेल तर ती काय करतेय ते विचारा, विहिरीचं पाणी असेल तर आधी बाळासाठी दुसरं आणून द्या आणि मग बोला. आणि लाजू नका, बाळाला उजेडात घेऊन त्याची नखं बघा. आजच बघा.